सर्व्हो-नियंत्रित सबवूफर : यंत्रविद्या आणि विक्रीची भाषा

१

सन १९६८ मध्ये ध्वनियंत्रांच्या इतिहासात दोन घटना घडल्या. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात क्लासेन आणि द कोनिंग या दोन संशोधकांनी ध्वनिक्षेपकाच्या गतीवर आधारलेल्या प्रत्याभरणाविषयी, म्हणजे फीडबॅकविषयी, एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत, कॅलिफोर्नियामध्ये, इन्फिनिटी नावाची एक लहान कंपनी स्थापन झाली. तिच्या पहिल्या ध्वनिक्षेपकाचे नाव होते ‘सर्व्हो-स्टॅटिक १’. त्यातील खर्जाचा, अठरा इंची शंकूचा, विभाग सर्व्हो तत्त्वाने नियंत्रित केलेला होता. दोहोंच्या मुळाशी कल्पना एकच होती. शंकू प्रत्यक्षात कसा हलतो हे मोजावयाचे, तो कसा हलावयास हवा होता याच्याशी ते ताडून पाहावयाचे, आणि जो फरक दिसेल तो विवर्धकाकडून दुरुस्त करवून घ्यावयाचा.

कल्पना एक असली तरी ती दोन ठिकाणी दोन भाषांत बोलू लागली. निबंधाच्या भाषेत प्रत्येक विधानाला अट जोडलेली असते : अमुक कंप्रतेपासून तमुक कंप्रतेपर्यंत, इतक्या पातळीला, या पद्धतीने मोजले असता. उत्पादनाच्या नावात अटीला जागा नसते. ‘सर्व्हो’ हा शब्द तेथे बिरुदाप्रमाणे उभा राहतो. निबंध खरा आणि नाव खोटे, असे येथे सुचवावयाचे नाही. इन्फिनिटीच्या यंत्रात सर्व्हो होताच. परंतु पुढील अर्धशतकात हा शब्द ज्या मार्गाने गेला, तो पाहिला असता घरगुती ध्वनियंत्रांच्या व्यवसायात यंत्रविद्या कोठे संपते आणि विक्री कोठे सुरू होते, हा प्रश्न एका शब्दाच्या इतिहासातून तपासता येतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

२

‘सर्व्हो’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘सर्वुस’, म्हणजे गुलाम. हा शब्द यंत्रविद्येत आणण्याचे श्रेय फ्रेंच यंत्रज्ञ जोसेफ फार्को यांना दिले जाते. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या जहाजांची सुकाणू माणसाच्या हातांना आवरेनाशी झाली, तेव्हा सुकाणूधारकाच्या हाताची हालचाल तंतोतंत अनुसरणारे वाफेचे यंत्र त्यांनी सिद्ध केले आणि १८७३ मध्ये त्या विषयावर ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या शीर्षकात ‘सर्व्हो-मोटर’ या शब्दाला त्यांनी जो पर्याय दिला आहे, त्याचा अर्थ ‘दास केलेले यंत्र’ असा होतो. यंत्र बलवान, परंतु आज्ञा दुसऱ्याची; आणि आज्ञा पाळली गेली की नाही हे पाहण्याची व्यवस्था यंत्राच्या रचनेतच बसविलेली. मराठीत त्याला ‘सेवायंत्रणा’ म्हणता येईल. मात्र मूळ शब्दात सेवेपेक्षा दास्याचा, म्हणजे स्वतःची इच्छा नसण्याचा, भाव अधिक आहे, आणि यंत्राच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

याच काळात, १८६८ मध्ये, जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणाऱ्या नियामकांवर एक निबंध लिहिला आणि असे नियंत्रण केव्हा स्थिर राहते व केव्हा स्वतःच हेलकावे खाऊ लागते, याचे गणित मांडले. पुढे ही दोन सूत्रे विद्युत् अभियांत्रिकीत एकत्र आली. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक हे नावेतून हडसन नदी ओलांडून कामावर जात असता, विवर्धकाच्या निर्गमाचा काही अंश उलट करून त्याच्या प्रवेशाकडे परत पाठविला तर त्याची विकृती कमी होईल, ही कल्पना त्यांना सुचली आणि हाताशी असलेल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यांनी ती टिपून ठेवली. हेच ऋण प्रत्याभरण होय. त्याचे पेटंट मिळण्यास १९३७ साल उजाडले. दरम्यान १९३२ मध्ये हॅरी नायक्विस्ट यांनी अशा वर्तुळाच्या स्थिरतेची कसोटी दिली, आणि १९३४ मध्ये हॅरल्ड हेझन यांनी सर्व्हो-यंत्रणांचा सिद्धांत मांडून या शब्दाला शास्त्रीय व्याख्येची चौकट दिली. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि रडार यांच्या नियंत्रणासाठी या विषयाचा झपाट्याने विकास झाला.

या इतिहासातून सर्व्होची तीन लक्षणे हाती लागतात. पहिले, एक आज्ञा असते. दुसरे, प्रत्यक्ष झालेल्या क्रियेचे मोजमाप होते. तिसरे, आज्ञा आणि क्रिया यांतील अंतरानेच यंत्राची शक्ती चालविली जाते. यांपैकी दुसरे लक्षण निर्णायक आहे. जेथे प्रत्यक्ष क्रिया मोजली जात नाही, तेथे कितीही चतुर योजना असली तरी तिला सर्व्हो म्हणता येत नाही. पुढील विवेचनात हीच कसोटी वापरली आहे.

३

आजचा ध्वनिक्षेपक तत्त्वतः १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी वर्णिलेल्या यंत्राचाच वंशज आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला जोडलेला शंकू, आणि शंकूला आधार देणारी लवचिक कड, एवढीच त्याची सामग्री. शंकूच्या गतीवरून प्रत्याभरण घेण्याची कल्पना याहूनही जुनी असून, ब्रिटनमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९२४ मध्येच त्या दिशेने पेटंट मागितले होते. म्हणजे नवा ध्वनिक्षेपक पुरता रुळण्यापूर्वीच त्याच्या दोषाची जाणीव आणि उपायाची कल्पना या दोन्ही गोष्टी अस्तित्वात होत्या.

हा दोष समजून घेणे अवश्य आहे. चांगल्या विवर्धकाची विकृती टक्क्याच्या शतांशात मोजली जाते. ध्वनिक्षेपकाची विकृती मात्र खर्जात आणि मोठ्या आवाजात सहज काही टक्क्यांवर जाते. याचे कारण शंकूच्या हालचालीत आहे. बंद पेटीतील शंकूला समान तीव्रतेचा ध्वनी काढण्यासाठी, कंप्रता निम्मी झाली की चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला जो शंकू अर्धा मिलिमीटर हलतो, त्याला तेवढ्याच तीव्रतेसाठी ४० हर्ट्झला दोन आणि २० हर्ट्झला आठ मिलिमीटर हलावे लागेल. एवढ्या प्रवासात वेटोळे चुंबकक्षेत्राच्या एकसारख्या भागातून बाहेर पडू लागते, आधाराची कड ताणली जाते, आणि शंकूची हालचाल आज्ञेशी प्रामाणिक राहत नाही. मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेचे अनाहूत स्वर उमटू लागतात.

मानवी कानाची रचना या दोषाला अधिक ठळक करते. श्रवणाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, २००३ च्या आवृत्तीप्रमाणे, २० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू येण्यास सुमारे ७८ डेसिबेलची पातळी लागते, तर ६३ हर्ट्झच्या स्वराला ३८ डेसिबेलच्या आसपास पुरते. म्हणून अतिमंद्र स्वराच्या विकृतीतून उपजणारा तिप्पट कंप्रतेचा स्वर पातळीने पुष्कळ लहान असला तरी कानाला सहज सापडतो. तीव्र ध्वनी आपल्यापेक्षा उंच कंप्रतेच्या मंद ध्वनीला झाकतो, त्यामुळे यातील काही भाग लपून जातो, हेही खरे. तथापि खर्जातील विकृती कमी करण्याचा प्रयत्न निरर्थक नाही एवढे या आकड्यांवरून निश्चित होते.

प्रत्याभरण येथे नेमके काय करते? वर्तुळातील एकूण विवर्धन दहापट असेल, तर त्याच्या आत उत्पन्न होणारी विकृती सुमारे अकराव्या हिश्श्यावर येते. परंतु ही देणगी सर्व कंप्रतांना मिळत नाही. कंप्रता वाढत गेली की शंकू एकसंध राहत नाही, त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या रीतीने कंप पावतात, आणि मोजलेला संकेत मूळ आज्ञेच्या मागे पडत जातो. हे मागे पडणे अर्ध्या आवर्तनाइतके झाले की दुरुस्तीच बिघाडाला पोसू लागते. नायक्विस्ट यांनी घातलेली मर्यादा ती हीच. म्हणून सर्व्होचे खरे क्षेत्र खर्जाचे. तेथे शंकू अखंड पत्र्यासारखा हलतो आणि वर्तुळ स्थिर ठेवता येते. सर्व्हो आणि सबवूफर यांची सांगड अशी यंत्रविद्येच्या गरजेतून पडली. ती कोण्या जाहिरातदाराची कल्पना नव्हे.

फिलिप्सने १९७० नंतरच्या दशकात ‘एमएफबी’ या नावाने जे ध्वनिक्षेपक विकले, त्यांत शंकूच्या मध्यभागी दाबविद्युत् स्फटिकाचा संवेदक बसवून शंकूचे त्वरण मोजले जाई, आणि विवर्धक पेटीतच असे. खर्जात ध्वनीचा दाब शंकूच्या त्वरणाशी सम प्रमाणात असतो. म्हणून त्वरण मोजणे हे जवळजवळ ध्वनीच मोजण्यासारखे होते. आकाराने लहान असलेल्या पेटीतून अपेक्षेहून खोल खर्ज मिळे. अमेरिकेत १९८३ मध्ये डेव्हिड हॉल यांनी स्थापन केलेल्या व्हेलोडाइन कंपनीने हाच मार्ग मोठ्या शंकूंच्या सबवूफरसाठी धरला. याच हॉल यांनी पुढे स्वयंचलित मोटारींसाठी लेसर-किरणांनी अंतर मोजणारी यंत्रे बनविली. मोजमापावर आधारलेल्या नियंत्रणाची विद्या कंपनीत मुरलेली होती, हे त्यावरून दिसते. दुसऱ्या एका पद्धतीत मुख्य वेटोळ्यासोबत बारीक तारेचे एक मोजणीचे वेटोळे गुंडाळतात आणि त्यात उत्पन्न होणाऱ्या विद्युद्दाबावरून शंकूचा वेग जाणतात. टेक्सासमधील ऱ्हिदमिक कंपनीचे सबवूफर या प्रकारचे आहेत.

या दोन्ही पद्धती पूर्वोक्त कसोटीला उतरतात. मात्र दोहोंनाही एक मर्यादा समान आहे. प्रत्याभरण यंत्राला सत्याशी नव्हे, तर संवेदकाशी प्रामाणिक बनविते. संवेदकाची चूक वर्तुळाला दिसत नाही. उलट ती आज्ञाधारकपणे ध्वनीत उतरविली जाते. मोजणीचे वेटोळे चुंबकाच्या ज्या फटीत हलते, ती एकसारखी नसेल तर मोजमापही तितकेच वाकडे होते. त्वरणमापक शंकूच्या एका बिंदूची हालचाल सांगतो. संपूर्ण शंकूची सांगत नाही. उत्तम सर्व्होसाठी उत्तम ध्वनिक्षेपक लागतोच. सदोष यंत्राला सर्व्हो निर्दोष करीत नाही.

४

आता सर्व्होला काय करता येत नाही ते पाहिले पाहिजे, कारण विक्रीच्या भाषेत नेमका हाच भाग गाळला जातो.

पहिली गोष्ट, सर्व्होमुळे शंकूचा प्रवास वाढत नाही. आठ मिलिमीटर हलू शकणाऱ्या शंकूला बारा मिलिमीटरची आज्ञा दिली, तर वर्तुळातील फरक वाढत जाईल, विवर्धक सर्व शक्ती पणाला लावील, आणि शेवटी दोघेही आपापल्या मर्यादेवर आदळतील. मर्यादेच्या आत सर्व्हो विकृती कमी करतो. मर्यादा ओलांडताना तो परिस्थिती बिघडवूही शकतो, म्हणून चांगल्या रचनेत आज्ञेलाच आवर घालणारी वेगळी योजना ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट, पेटीच्या आकाराचा नियम सर्व्होने रद्द होत नाही. केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘लोहनियमा’नुसार खोल खर्ज, थोड्या शक्तीत मोठा आवाज, आणि लहान पेटी या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी साधतात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२ व १९७३ मध्ये या नात्याचे गणित सविस्तर मांडले. लहान पेटीतील सर्व्हो-ध्वनिक्षेपक खोल खर्ज देतो तेव्हा तो नियम मोडत नाही. तो विवर्धकाकडून अधिक शक्ती घेऊन किंमत चुकवीत असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सर्व्होचे वर्तुळ शंकूपाशी संपते, आणि श्रोता खोलीत बसलेला असतो. पाच मीटर लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमधील पहिला अनुनाद सुमारे ३४ हर्ट्झला पडतो. त्या कंप्रतेला एका जागी ध्वनी दुणावतो आणि दुसऱ्या जागी जवळजवळ नाहीसा होतो. हे चढउतार दहा डेसिबेलहून अधिक असू शकतात. त्यांच्यापुढे सर्व्हो असलेल्या आणि नसलेल्या दोन चांगल्या सबवूफरांतील फरक पुष्कळदा नगण्य ठरतो. पेटी दोन हात सरकविल्याने जो पालट होतो, तो यंत्र बदलूनही होईलच असे नाही. खोलीतील ध्वनीची दुरुस्ती सूक्ष्मध्वनिग्राहकाने मोजून करता येते. परंतु तो वेगळा उपाय आहे, आणि त्याला सर्व्हो म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय.

५

आता भाषेकडे वळू. ध्वनियंत्रांच्या व्यवसायात शब्द वस्तूच्या पुढे धावण्याची परंपरा जुनी आहे. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेत ठिकठिकाणी जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तबकडी आलटून पालटून गात, आणि अंधारात कोण गात आहे हे ओळखण्याचे आव्हान श्रोत्यांना दिले जाई. तबकडीत अखंड खरखर असे आणि तिला खर्ज जवळजवळ नसे. तरी अभेदाचा दावा मोठ्या आत्मविश्वासाने केला गेला. ‘हाय-फिडेलिटी’, म्हणजे उच्च निष्ठा, हा शब्दप्रयोग आपण १९२७ मध्ये केल्याचा दावा इंग्रज यंत्रज्ञ हार्टली यांनी पुढे केला. तो शब्द एका ध्येयाचे नाव होता. पाव शतकात तो पेटीवरील चिठ्ठी झाला. ‘वूफर’ आणि ‘ट्वीटर’ हे शब्द त्यामानाने निरागस. एक कुत्र्याच्या भुंकण्यावरून आणि दुसरा पक्ष्याच्या चिवचिवाटावरून आलेला. ते काही वचन देत नाहीत, म्हणून भ्रष्टही झाले नाहीत.

वचन देणाऱ्या शब्दांचे काय होते याचे उत्तम उदाहरण ‘वॅट’ हे आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील विक्रेते एकाच विवर्धकाची शक्ती निरनिराळ्या रीतींनी सांगून मोठमोठे आकडे छापू लागले : कधी क्षणिक, कधी ‘संगीत-शक्ती’, कधी दोन्ही बाजूंची बेरीज. नोव्हेंबर १९७४ पासून तेथील संघीय व्यापार आयोगाचा नियम लागू झाला. शक्तीचा आकडा छापावयाचा तर सतत देता येणारी शक्ती, तिच्यासोबत भार, कंप्रतेचा पट्टा आणि विकृतीची मर्यादा सांगणे आवश्यक ठरले. शिवाय मापनापूर्वी विवर्धक एक तासभर एक-तृतीयांश शक्तीवर तापविण्याची अट घालण्यात आली. ही अट २००० मध्ये सौम्य करण्यात आली, आणि २०२४ च्या सुधारणेने मापनाच्या अटी सर्वांसाठी सारख्या ठरवून दिल्या.

भाषिक दृष्टीने या नियमाचे महत्त्व असे की, त्याने एका अपूर्ण वाक्याला पूर्ण केले. ‘शंभर वॅट’ हे वाक्य नव्हे. त्यात कर्ता आहे, परंतु ते कोणत्या परिस्थितीत खरे आहे हे सांगणारा भाग नाही. म्हणूनच ते खोटे ठरविता येत नाही, आणि जे खोटे ठरविता येत नाही तेच विक्रीला सोयीचे असते. जेथे असा नियम नव्हता तेथे काय झाले हे भारतीय ग्राहकाला ठाऊक आहे. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील घराघरांत आलेल्या संगीतसंचांवर ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे हजारो वॅटचे आकडे झळकत. घरातील पाच अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला सुमारे ११५० वॅटहून अधिक शक्ती सतत घेता येत नाही, एवढा गुणाकार केला असता त्या आकड्याची योग्यता कळत असे. परंतु आकडा गुणाकारासाठी छापलेला नव्हता. तो तुलनेसाठी छापलेला होता. शेजारच्या दुकानातील आकड्याहून तो मोठा असला की त्याचे काम झाले.

‘सर्व्हो’ची वाटचाल याहून सूक्ष्म आहे. या शब्दाचा अर्थ फुगविला गेला नाही. तो पसरविला गेला. विवर्धकाच्या निर्गमावरील स्थिर विद्युद्दाब शून्यावर ठेवणाऱ्या मंडलालाही सर्व्हो म्हणतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा शंकूच्या गतीशी संबंध नाही. ध्वनिक्षेपकाचा ज्ञात उतार आधीच हिशेबात घेऊन संकेत उचलून देणारी योजना उपयुक्त असते; तथापि तीत प्रत्यक्ष गती मोजली जात नाही, म्हणून तिला सर्व्हो म्हणता येणार नाही. आवाज मर्यादेबाहेर गेला की आज्ञा आवरणारा मर्यादकही सर्व्हो नव्हे. या तिन्ही गोष्टी माहितीपत्रकात एका शब्दाखाली आल्या की, ग्राहकाच्या मनात त्या सर्वांना फिलिप्सच्या स्फटिकाची प्रतिष्ठा मिळते. असत्य विधान एकही नसते, तरी समज चुकीचा होतो.

याच्या उलट एक उदाहरण उद्‌बोधक आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेली कॉम्पॅक्ट डिस्क सर्व्होवाचून एक क्षणही चालू शकत नाही. तबकडीवरील रेषांमधील अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर, फिरताना तबकडीचा पृष्ठभाग त्याच्या शेकडोपट वरखाली होत असतो. भिंगाचे अंतर, भिंगाची रेषेवरील जागा आणि तबकडीची गती ही तिन्ही सतत मोजून सतत दुरुस्त केली जातात. तरीही हे यंत्र विकताना सर्व्होचा फारसा गाजावाजा झाला नाही. गाजावाजा झाला तो ध्वनीच्या निर्दोषपणाचा. जेथे सर्व्हो अपरिहार्य होता तेथे तो सर्वांकडे होता, म्हणून सांगण्याजोगा नव्हता. जेथे तो ऐच्छिक होता तेथे तो भेद दाखवीत होता, म्हणून नावात आला. शब्दाची बाजारातील किंमत त्याच्या यांत्रिक महत्त्वावरून ठरत नाही. तो किती जणांपाशी नाही, यावरून ठरते.

६

एवढ्यावरून यंत्रविद्या प्रामाणिक आणि विक्री अप्रामाणिक असा निष्कर्ष काढणे मात्र उथळपणाचे होईल. एडगर व्हिल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह १९५४ मध्ये स्थापन केलेल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीचे उदाहरण त्याविरुद्ध उभे आहे. लहान बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम देऊन त्यांनी खर्जातील विकृती घटविली. आणि हे काम सर्व्होवाचून, ध्वनिक्षेपकाच्या मूळ रचनेतच बदल करून साधले. पुढे फाइन आर्ट्स क्वार्टेट या वादकवृंदासह त्यांनी प्रत्यक्ष वादन आणि मुद्रण यांची तुलना करणारे जाहीर प्रयोग केले. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात त्यांनी ऐकण्याची खोली उघडली. तेथे कोणीही जाऊन यंत्रे ऐकावीत, विक्री मात्र होत नसे. हीही विक्रीकलाच होती. परंतु तिने ग्राहकाला शब्दाकडे न नेता यंत्राकडे नेले. एडिसनचे प्रयोग आणि हे प्रयोग बाह्यतः एकाच प्रकारचे. भेद एवढाच की, दुसऱ्यांच्या मागे प्रसिद्ध केलेली मोजमापे होती.

दुसऱ्या बाजूने पाहता, यंत्रज्ञही आपल्या उपायाच्या प्रेमात पडतो. सर्व्होच्या पुरस्कर्त्यांनी १९७० च्या सुमारास जे दोष दाखविले ते खरे होते. परंतु पुढील काळात लांब प्रवासाचे ध्वनिक्षेपक, स्वस्त व बलवान विवर्धक आणि अंकीय संकेतप्रक्रिया आली; जर्मनीत ड्रेस्डेन येथील वोल्फगांग क्लिप्पेल यांच्या मापनपद्धतींनी ध्वनिक्षेपकाची अरेषीयता रचनेच्या टप्प्यावरच उघड केली. त्यामुळे सर्व्होने जे दोष दुरुस्त करावयाचे, ते मुळातच कमी झाले. सर्व्हो खोटा ठरला नाही. तो अनेक मार्गांपैकी एक मार्ग झाला. हे मान्य करणे ज्याची ओळखच त्या शब्दावर उभी आहे त्याला कठीण जाते, मग तो विक्रेता असो की अभियंता.

खर्जाच्या मोजमापाला सामाईक भाषा मिळावी म्हणून अमेरिकेतील ग्राहक-विद्युत् उद्योगाच्या संघटनेने २००६ मध्ये सबवूफरसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्यात ठराविक कंप्रतांचे अल्पकालीन स्वर वाजवून, विकृतीची सीमा ओलांडण्यापूर्वी यंत्र किती आवाज देऊ शकते ते मोजले जाते. पेटीत सर्व्हो आहे की नाही, हे या पद्धतीत विचारलेच जात नाही. उपाय कोणता योजला याला गुण नाहीत. परिणाम काय झाला यालाच आहेत. सर्व्होची रचना चांगली असेल तर तिचे श्रेय आकड्यात आपोआप उतरेल, आणि नसेल तर शब्दाने ते भरून निघणार नाही. या मानकाचीही सीमा आहे. क्षणिक स्वरावरून दीर्घ वादनातील तापमानाचा परिणाम कळत नाही, आणि श्रोत्याची खोली येथेही बाहेरच राहते. परंतु निदान ही सीमा त्याच्या अटींतच लिहिलेली आहे.

यावरून यंत्रविद्या आणि विक्री यांना वेगळे करण्याची रीत हाती लागते. ती माणसांना दोन वर्गांत वाटण्याची नव्हे. वाक्यांना वाटण्याची आहे. एकच अभियंता सकाळी एका प्रकारचे आणि सायंकाळी दुसऱ्या प्रकारचे वाक्य लिहितो. ‘सर्व्हो-नियंत्रित’ हा शब्द समोर आला असता चार प्रश्न विचारावेत. काय मोजले जाते : त्वरण, वेग, की काहीच नाही? ते कशाशी ताडले जाते? कोणत्या कंप्रतांपर्यंत आणि किती पातळीपर्यंत दुरुस्ती टिकते? आणि वर्तुळाच्या बाहेर काय उरते? ज्या माहितीपत्रकात या चारही प्रश्नांची उत्तरे सापडतात, ते विक्रीसाठी लिहिलेले असले तरी यंत्रविद्येचे आहे. ज्यात एकाचेही सापडत नाही, ते प्रयोगशाळेतून आलेले असले तरी जाहिरातच होय.

फार्को यांनी आपल्या यंत्राला दास म्हटले, तेव्हा त्यात एक यथार्थता होती. त्या यंत्राचे काय काम आहे, ते कोणाच्या आज्ञेने चालते, आणि आज्ञा पाळली गेली की नाही हे कशावरून कळते, या तिन्ही गोष्टी त्या नावात सामावलेल्या होत्या. शब्द बाजारात आला तेव्हा पहिल्या दोन गोष्टी त्याच्यासोबत आल्या, तिसरी मागे राहिली. घरगुती ध्वनियंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्याला यंत्रांची आणि पेटंटांची यादी करून भागणार नाही. प्रत्येक शब्दामागे मोजमाप केव्हा होते आणि केव्हा सुटले, याचीही नोंद त्याला ठेवावी लागेल.